कार्तिकातली वाडी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास नैर्ऋत्य मोसमी पाऊस उत्तर कोकणातून माघार घेतो. वसई-विरारच्या वाड्यांत त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस उकाड्याचे असतात. वारा पडलेला, ऊन बोचरे, जमीन वरून कोरडी आणि वीतभर खाली अजून चिंब. मग दिवाळीच्या सुमारास पहाटेला गारवा येतो, गवतावर दव दिसू लागते आणि नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत रात्रीचा पारा विशीच्या आसपास उतरतो. शरद संपून हेमंत लागतो तो असा, फारसा गाजावाजा न करता.

थंड देशांतला माळी या दिवसांत बाग आवरायला घेतो. डेलियाचे कंद खणून आत ठेवतो, गळालेली पाने गोळा करतो, नाजूक झाडे काचघरात हलवतो. वसईत नेमके हेच दिवस बाग नव्याने मांडण्याचे आहेत. पानगळ तर इथे या महिन्यांत पाहायलाही मिळत नाही. सावर, पांगारा, साग ही झाडे थंडी मुरल्यावर उघडी पडू लागतात. युरोपातल्या बागकामाच्या पुस्तकांतले ‘उत्तर शरदातील कामे’ हे प्रकरण जसेच्या तसे इथे आणले, तर त्यातले क्वचितच काही लागू पडेल. इथल्या कामांचे वेळापत्रक थंडी ठरवत नाही, पाणी ठरवते.

वसईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने वाडी साठवलेल्या पाण्यावर जगते. आभाळाच्या पाण्यावरून विहिरीच्या पाण्यावर येण्याचा हा बदल आश्विन-कार्तिकात होतो. म्हणून या काळातले वाफे करणे, आळी बांधणे, पेंढा पसरणे, छाटणी करणे, एखाद्या झाडाचे पाणी तोडणे ही कामे वरवर वेगवेगळी दिसली, तरी त्या सगळ्यांमागे एकच हिशेब आहे: पुढच्या जूनपर्यंत कोणाला किती पाणी द्यायचे.

हा हिशेब वसईकरांना नवा नाही. रेल्वेमार्ग आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात गास, निर्मळ, वाघोली, भुईगाव, गिरीज, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा ही गावे आहेत. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र. तिन्ही बाजूंनी खारे पाणी असलेल्या या भूमीवर सामवेदी, वाडवळ, भंडारी, माळी अशा अनेक समाजांनी, त्यातल्या हिंदूंनी आणि ख्रिस्ती झालेल्यांनीही, पिढ्यान् पिढ्या बागायत केली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, पुढे इंग्रज आले. राज्ये बदलली तरी वाड्यांतले पाट वाहत राहिले. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वसई आणि माहीम भागातल्या बागायतीची दखल आहे. त्याआधीच, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली होती. पुढे याच मार्गाने वसईची भाजी, केळी, पाने आणि फुले मुंबईच्या बाजारात पोहोचू लागली. आजही पहाटेच्या गाडीत फुलांचे आणि भाजीचे हारे चढतात, दादरच्या फुलबाजारात उतरतात.

या बागायतीचा आधार म्हणजे बावखल. वाडीच्या कडेला किंवा मध्यावर खोदलेले हे तळे पावसाळ्यात तुडुंब भरते आणि मग सावकाश जमिनीत झिरपत राहते. त्याचे पाणी थेट वापरता येतेच, पण त्याचे मोठे काम नजरेआड चालते: ते शेजारच्या विहिरींना पाणी पुरवते आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरते. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी घायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय संशोधकांनी याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकू शकते. गणित उलटे वाचले की वसईची काळजी कळते. उपसा जास्त झाला आणि वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालून खारे पाणी कितीतरी पट वर चढते.

१९८०च्या दशकात मुंबईची आणि वसईतल्या नव्या इमारतींची तहान भागवण्यासाठी इथल्या विहिरींतून टँकर भरले जाऊ लागले, तेव्हा वाडीवाल्यांना हा धोका कोणी शिकवावा लागला नाही. त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. पुढे, जानेवारी २०२० मध्ये, दिब्रिटो उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; महाराष्ट्राला ते लेखक म्हणून ठाऊक आहेत, वसईकरांना मात्र विहिरी आणि वाड्यांसाठी उभा राहिलेला माणूस म्हणूनही. आंदोलनानंतरच्या काळात अनेक बावखले बुजली, त्यांवर इमारती चढल्या. जी उरली आहेत त्यांची देखभाल हे उत्तर शरदातले पहिले काम धरायला हवे. पाणी काठोकाठ असताना काठ कुठे खचला आहे, सांडवा कुठे फुटला आहे, जलपर्णी कुठून पसरते आहे हे सहज दिसते. जलपर्णी याच वेळी ओढून काढली तर बेताची असते. तीच बाहेर वाळवून कुजवली की खतही होते.

पाण्याचा साठा पाहून झाला की वाडीवाला झाडांची वर्गवारी करतो. ती कुठे लिहिलेली नसते, पण ती असते. काही झाडांना आता नियमित पाणी हवे, काहींना बेताचे, आणि काहींना मुळीच नको.

पहिल्या वर्गात केळी. वसईच्या वाडीत वेलची, राजेळी, मुठेळी, तांबडी अशा जाती एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. पावसाळ्यात केळीच्या पानांवर करपा येतो; तपकिरी ठिपके पडतात, ठिपक्यांचे पट्टे होतात. पाऊस थांबल्यावर अशी पाने कापून वाडीबाहेर नेणे हे तातडीचे काम, कारण दवाच्या ओलाव्यावरही रोग पसरत राहतो. बुंध्याभोवतीची माती चार महिन्यांच्या पावसाने वाहून गेलेली असते, मुळे उघडी पडलेली असतात. तिथे मातीची भर द्यावी लागते. मुनव्यांपैकी एक जोमदार ठेवून बाकीचे काढायचे. ज्यांची लोंगरे पडली आहेत त्यांना बांबूचा टेकू द्यायचा. हे सगळे झाल्यावरच पाट सुरू करायचा, नाहीतर दिलेले पाणी नको त्या मुनव्यांना पोसते.

याच केळीपासून आगाशी परिसरातली सुकेळी तयार होतात. पिकलेली राजेळी केळी सोलून कडक उन्हात काही दिवस वाळवतात, ती मधासारख्या रंगावर आली की केळीच्याच सुक्या पानांत घट्ट बांधतात. त्यात साखर नाही, तेल नाही, दुसरा कोणताही जिन्नस नाही. पावसाळ्यात हे काम करता येत नाही. कोरडे ऊन आणि कमी दमट हवा मिळते ती इथून पुढेच. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा सुरू होते, तिथे सुकेळीच्या पुड्या घेतल्याशिवाय घरी परतणारा वसईकर विरळा. वाडीतले काम आणि पंचांग यांची अशी जोडी या महिन्यांत जागोजाग भेटते. तुळशीच्या लग्नाला ऊस, आवळे आणि चिंचा लागतात, ती त्याच दिवसांत तयार असतात. लग्न लागले की तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या खुडून बी धरायचे आणि झाडाला नवी फूट येऊ द्यायची, ही घराघरातली सर्वात छोटी छाटणी.

नारळाला पाणी हवेच. मोठ्या झाडाला ठिबकने रोज तीस-चाळीस लिटरच्या आसपास द्यावे असे सांगितले जाते. पण त्याआधी शेंड्याची साफसफाई. गेंड्या भुंगा पावसाळ्यात कोवळ्या सुईत शिरून ती पोखरतो. नव्या झावळ्या उमलल्यावर त्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे दिसतात. त्याच्या अळ्या शेणखताच्या जुन्या ढिगात वाढतात, म्हणून ढीग उपसून अळ्या वेचणे हेही नारळाचेच काम मानावे. आळ्यात सोडणांचा थर, खोलगट बाजू वर करून, पुरला तर तो पाणी धरून ठेवतो.

झाकणे हा या हंगामाचा मोठा मंत्र. भातकापणी नुकतीच आटोपलेली असते, झोडणी होऊन पेंढा हाताशी आलेला असतो. जमिनीत ओल आहे आणि ती झाकायला पेंढाही आहे, असा योग वर्षातून एकदाच जुळतो. महिना उलटला की ओल गेलेली असते आणि पेंढा गोठ्यात. केळीची चिरलेली खुंटे, नारळाच्या झावळ्या, उसाचे पाचट, काहीही चालते. मात्र थर खोडाला चिकटू द्यायचा नाही, बोटभर जागा मोकळी ठेवायची, नाहीतर वाळवी चढते.

भाताच्या खाचरातच दुसरे पीक उभे राहते. कापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, ही उत्तर कोकणाची जुनी रीत. नांगरट हलकी, खत थोडे, आणि बहुतेक ठिकाणी पाणी शून्य. वालाची मुळे खालची ओल शोधत जातात आणि रात्रीचे दव थोडी साथ देते. माघ-फाल्गुनात दाणे भरतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आज बाळासाहेब सावंतांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने, कोकणासाठी वालाचे सुधारित वाण दिले आहेत. पण पेरणीची वेळ जुनीच राहिली. खाचर वाळून भेगाळण्याआधी बी पडले पाहिजे, त्याला पर्याय नाही.

भाजीच्या वाफ्यांची गोष्ट निराळी. त्यांना पाणी लागते, पण थोडे आणि वेळेवर. मुळा, माठ, पालक, मेथी, कोथिंबीर, नवलकोल, कोबी, वांगी, टोमॅटो, मिरची यांचा हंगाम आता सुरू होतो. वांगी-टोमॅटोची रोपे गादीवाफ्यावर करायची, कारण सपाट वाफ्यात पाणी साचले तर रोपे बुडाशी कुजून एका रात्रीत आडवी होतात. बियाण्याला किलोमागे चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळल्याने ही मर पुष्कळ आटोक्यात येते. धणे रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करून पेरायचे. मेथी महिन्याभरात काढायला येते, म्हणून सगळे बी एका दिवशी न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे टाकणारे घर थंडीभर ताजी भाजी खाते. एकदाच सगळे पेरणाऱ्याकडे एका आठवड्यात जुड्यांचा ढीग होतो आणि पुढे वाफा रिकामा राहतो.

पावसाळा आपल्या मागे पाहुणेही ठेवून जातो. शंखी गोगलगाई नव्या रोपांवर रात्री तुटून पडतात. संध्याकाळी वाफ्याकडेला ओले गोणपाट अंथरून ठेवले की त्या त्याखाली जमतात, सकाळी वेचून काढता येतात. हवा कोरडी होऊ लागली की मावा आणि फुलकिडे वाढतात. त्यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून गाळलेले शंभर लिटर पाणी. घरच्या कुंड्यांसाठी पन्नास ग्रॅमला एक लिटर हे प्रमाण.

जमिनीखालची पिकेही याच सुमारास खुणावतात. कोनफळाचे वेल पिवळे पडून वाळू लागले की कंद तयार झाला असे समजावे, सुरणाचेही तसेच. काढताना कुदळ लागली तर कंद टिकत नाही, म्हणून बाजूने माती उकरत जाण्याची सवय लावावी लागते. निरोगी कंदांपैकी काही पुढच्या लागवडीसाठी हवेशीर, कोरड्या जागी ठेवायचे. उरलेले वालपापडीबरोबर उकडहंडीत जातात, तो वाडवळ घरांतला थंडीचा थाट.

आता तो वर्ग, ज्यांना पाणी द्यायचे नाही. नवख्या बागकर्त्याचे सर्वात जास्त नुकसान इथेच होते, कारण हात आवरणे हे काम वाटत नाही. मोगरा नोव्हेंबरात तहानेला ठेवतात. पाणी तोडल्यावर पाने पिवळी होऊन गळतात, झुडूप मेल्यासारखे दिसते. मग डिसेंबर-जानेवारीत त्याची छाटणी करायची, खत घालायचे, पाणी सुरू करायचे; तेव्हा फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या लागतात, लग्नसराईत भाव मिळतो. त्याचाच भाऊबंद कागडा मात्र थंडीतच फुलतो, त्याचे पाणी तोडले तर हंगाम हातचा गेला. दोन्ही झुडपे एका पाटावर लावलेली असतील, तर कोणते नाके उघडायचे आणि कोणते बंद ठेवायचे हे याच महिन्यात ठरवावे लागते.

आंब्याचेही तेच. मोठ्या कलमाला जमीन कोरडी पडण्याचा ताण आणि रात्रीची थंडी हे दोन्ही मिळाले की मोहोर फुटतो. नोव्हेंबरात दयेपोटी पाणी घातले तर झाड मोहोराऐवजी तांबूस कोवळी पालवी काढते आणि त्या फांद्यांवरचा यंदाचा आंबा गेला. लहान कलमांना मात्र पाणी हवेच, त्यांच्याकडून मोहोराची अपेक्षा नसते. मोठ्या झाडावर काम आहे ते निराळे: बांडगुळे उगवल्या जागेच्या खालून फांदीसकट कापणे, वाळक्या काटक्या काढून आतपर्यंत ऊन पोहोचवणे, आणि मोहोर येण्याआधी तुडतुड्यांवर नजर ठेवणे.

हा सगळा हिशेब आभाळ अधूनमधून मोडतेही. ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले. डिसेंबर २०१७मध्ये ओखी वादळाने आणि १ डिसेंबर २०२१ला आणखी एका अवकाळी पावसाने उत्तर कोकण भिजवले. अशा वेळी खळ्यातला भात, वाळत घातलेली सुकेळी, नुकती उगवलेली मेथी आणि आंब्याची पालवी यांना एकाच रात्री फटका बसतो. म्हणून पाऊस गेला तरी पाण्याचा निचरा करणारे चर बुजवू नयेत, त्यांत कचरा टाकू नये. ताडपत्री आणि दोरी डिसेंबर संपेपर्यंत हाताशी असावी. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या बागकामाच्या पुस्तकांत हा सल्ला क्वचित सापडेल. आता तो पहिल्या पानांवर यायला हवा.

वसई-विरारमध्ये आज वाडी असलेली घरे कमी आणि सज्जा असलेली घरे जास्त. महानगरपालिका स्थापन झाली २००९ साली आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक होती. नालासोपाऱ्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या कुंडीलाही हा हंगाम तितकाच लागू आहे. चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतली माती दाबली जाते, तिच्यातला कस धुऊन जातो, तळाचे भोक बुजते. वरची तृतीयांश माती काढून तिथे कुजलेले खत घालणे आणि भोक मोकळे करणे, एवढ्यानेच जास्वंद पुन्हा कळ्या धरते. उन्हाची दिशाही बदलते. डिसेंबरात भर दुपारी सूर्य वसईच्या क्षितिजापासून सुमारे सत्तेचाळीस अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. जून महिन्यात काळोखी असलेला दक्षिणेचा सज्जा आता उन्हाने भरतो आणि उत्तरेच्या सज्ज्यात ऊन उरत नाही. टोमॅटो, मिरची, शेवंती यांच्या कुंड्या त्याप्रमाणे हलवायला हव्यात.

पुढील पानांतली कामे याच क्रमाने लावलेली आहेत: आधी पाणी, मग जमीन, मग झाडे. तारखांऐवजी खुणा दिल्या आहेत, कारण अर्नाळ्याच्या वाळूत ओल लवकर उडते आणि डोंगराकडच्या चिकण मातीत ती पंधरवडा अधिक टिकते. एकाच तारखेने दोघांचे भागणार नाही. मातीची तपासणी करायची असेल तर पालघर जिल्ह्यातच कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी वही उघडून पहिली नोंद तिचीच करावी. दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, पाण्याची चव घ्यावी, दोन्ही लिहून ठेवावे आणि दर महिन्याला त्याच दिवशी पुन्हा मोजावे. मार्चमध्ये किती वाफे चालू ठेवायचे, उपसा कधी कमी करायचा, यंदा नवी केळी लावायची की नाही, हे त्या आकड्यांवरून ठरवता येईल.